मानेचं काम : छेद-हेल्मेटच्या प्रकल्प नोंदी

१० जून

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरचा डायव्हिंगचा हंगाम आटोपला. बोटी बंदराला लागल्या की डायव्हरांची हेल्मेटं आमच्या टेबलावर येतात आणि पावसाळाभर तेच काम चालतं. सगळं खोलायचं, धुवायचं, ओ-रिंगा आणि डायफ्रॅम बदलायचे, दाबाला लावायचं, कागद भरायचे. यंदा त्यात प्रशिक्षणवाल्यांनी एक जादा काम चिकटवलंय. नव्या मुलांना हेल्मेट आतून दिसेल असा छेद-नमुना हवाय. मुदत गणपतीआधी.

साहित्य हाताशी आहे. भंगारात काढलेलं एक सुपरलाइट १७ बी, म्हणजे आजच्या पद्धतीचं डायव्हिंग हेल्मेट, रॅकवर पडून आहे. फायबरग्लासच्या कवचाला मानेच्या रिंगेजवळ तडा गेलाय, म्हणजे ते पाण्यात जाणं कायमचं संपलं. दुसरं, रिसेप्शनमधलं चोरबाजारी पितळी हेल्मेट. त्याला हात लावायची परवानगी मिळाली, फक्त पॉलिश करून परत द्यायचं आहे.

भाग कापून, रंगवून, नावं चिकटवून देणं सोपं आहे. पण असा नमुना समोर आला की मुलं रेग्युलेटरमध्येच (श्वास ओढला की हवा सोडणारा भाग) नाक घालून बसतात. रेग्युलेटर शिकवायला वेगळा तास आहेच. मला मान दाखवायची आहे. हेल्मेटात हवा सोडणं दोनशे वर्षांपूर्वीही जमत होतं. हेल्मेट आणि माणूस यांच्यामधली फट कुठे बंद करायची आणि ती बंद केल्यावर जे नवं संकट उभं राहतं त्याचं काय करायचं, यातच पुढच्या सगळ्या पिढ्या गुंतल्या. नमुना त्याच क्रमानं मांडायचा. साहेब म्हणाले, "मांड, पण एका टेबलावर मावलं पाहिजे."

१४ जून

पितळी हेल्मेट खोललं. खोलण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच. पाटीवर अमेरिकन नौदलाचं मार्क ५ म्हणून कोरलंय. असा माल रुरकी-मुरादाबादकडे बनतो आणि चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुना म्हणून विकला जातो. बनवणाऱ्याच्या हाताला दाद द्यायला हवी, लांबून बघणारा फसतो. जवळ गेलं की एकेक गोष्ट उघडी पडते.

मागे दोन कोपरे, म्हणजे वाकडे नळीजोड आहेत, एक हवेच्या नळीचा आणि एक टेलिफोनच्या तारेचा. हवेच्या कोपऱ्यात तार घातली, ती बोटभर आत जाऊन अडली. कोपरा भरीव आहे. खऱ्या मार्क ५ मध्ये याच कोपऱ्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही, हवा उलटी जाऊ न देणारी झडप) बसतो. बाजूचा एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, फिरतो, पण त्याच्या मागे भोकच नाही. खरी हेल्मेटं तांब्याच्या पत्र्याची, त्यावर ओतीव गनमेटलचे भाग आणि कल्हई केलेली. यात पातळ पितळी पत्रा, कल्हईचा पत्ता नाही. खऱ्याच्या मानेच्या रिंगेवर आणि छातीच्या पत्र्यावर एकच नंबर ठोकलेला असतो, कारण ती जोडी एकमेकांसाठी घासून बसवलेली असते. इथे नंबर फक्त पाटीवर.

एक गोष्ट मात्र कारागिरानं बरोबर उचललीय. हेल्मेट छातीच्या पत्र्यावर ठेवून आठवा हिस्सा फिरवलं की अडकतं. तुटक आटे आहेत, ढिले का होईना. टेबलावर एवढंच दाखवायचं. आणि त्याशेजारी तो भरीव कोपरा अर्धा कापून ठेवायचा, म्हणजे यात काय नाही ते दिसेल. साहेबांना कोपरा कापायचं अजून सांगितलेलं नाही.

२० जून

पॅनेलवरचा पहिला मजकूर लिहायला घेतला. सुरुवात चार्ल्स आणि जॉन डीन या भावांपासून. चार्ल्सनं १८२३ मध्ये इंग्लंडमध्ये धुरात शिरायच्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर आग विझवणारे होते. तिकडे खप झाला नाही, तेव्हा पुढच्या काही वर्षांत भावांनी तेच हेल्मेट पाण्यात नेलं. खाली आखूड जाकीट, वरून पंपानं हवा, आणि जादा झालेली हवा कमरेखालून आपोआप बाहेर. उलटा धरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालावं तसा प्रकार. माणूस उभा आहे तोवर ठीक. वाकला किंवा पडला की हवा निसटते आणि पाणी तोंडाशी येतं.

तरी डीन बंधूंनी त्यावर खूप काम केलं. १७८२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत स्पिटहेडला बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवरच्या तोफा त्यांनी काढल्या आणि १८३६ मध्ये त्याच भागात 'मेरी रोझ' या बुडालेल्या जहाजाच्या जागेपर्यंत पोचले.

त्यांची हेल्मेटं बनवून देणारा ऑगस्टस सीब हा लंडनच्या सोहो भागात दुकान थाटलेला जर्मन कारागीर. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं हेल्मेट थेट जलरोधक पोशाखाला जोडलं. कमरेची उघडी बाजू गेली, तिच्या जागी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आला. आता माणूस वाकू शकत होता, गुडघ्यावर बसू शकत होता. 'रॉयल जॉर्ज'चे अवशेष हटवायचं काम १८३९ ते १८४३ कर्नल पॅस्ली याच्या रॉयल इंजिनिअर्सनी केलं. त्यांनी बरीच साधनं वापरून पाहिली आणि सीबच्या पोशाखाला पसंती दिली. हेल्मेट छातीच्या पत्र्यापासून सुटं व्हावं ही सुधारणाही त्याच कामातून आली. रिसेप्शनच्या हेल्मेटवरचे तुटक आटे हे तिचंच नातवंड.

२१ जून

कालचं वाचून पाहिलं. मुलांना सांगायचा मुद्दा त्यात निसटतोय. डीनचं हेल्मेट उघडं होतं म्हणून वाईट, सीबचं बंद म्हणून चांगलं, एवढ्यावर थांबलं तर उपयोग नाही. उघड्या हेल्मेटची नळी फुटली तर पाणी वर चढतं आणि माणूस गुदमरतो, पण चेंगरत नाही. बंद पोशाखात नळी वर फुटली की हेल्मेटातला दाब एकदम पृष्ठभागावरच्या हवेइतका खाली येतो आणि बाहेरचं पाणी माणसाला खालून हेल्मेटात कोंबायला लागतं. 'रॉयल जॉर्ज'च्या कामातच एका सैनिकाचं असं झालं. नळी फुटली आणि त्याला वर काढलं तेव्हा चेहरा आणि मान सुजून रक्त येत होतं. तो वाचला. पुढे सगळेच तितके नशीबवान नव्हते.

उपाय म्हणजे हेल्मेटाच्या तोंडाशी एनआरव्ही. हवा आत येईल, उलटी जाणार नाही. चोरबाजारातल्या कारागिरानं नेमका तोच गाळलाय.

हिशेब पॅनेलवर मोठ्या अक्षरात घालतोय. मानेच्या रिंगेचा व्यास २० सेंमी धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी. दर १० मीटर खोलीला चौरस सेंमीवर साधारण १ किलोचा भार वाढतो. म्हणजे १० मीटरवर ३१४ किलो, ३० मीटरवर साडेनऊशेच्या आसपास. आकडा वाचून कोणाला काही वाटणार नाही, हे मला माहीत आहे. प्रयोग लागेल.

२७ जून

प्रयोग जमला. खर्च नगण्य.

वर्कशॉपच्या मागे २०० लिटरचं निळं पिंप आहे, त्यात काठापर्यंत पाणी. १० सेंमी व्यासाचा ॲक्रिलिक पाइपचा तुकडा घेतला. वरचं तोंड चकती चिकटवून बंद केलं, चकतीत नळीचा निपल. खालच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला आणि क्लिपनं आवळला. बोटं खाली लोंबतायत. नळीच्या दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. पंप मारत मारत तुकडा हळूहळू पाण्यात खाली नेला. हवा पुरेशी असेपर्यंत मोजा खाली, जागच्या जागी. ८० सेंमीवर दोरीनं बांधून ठेवला आणि नळी पंपातून उपटली.

फस्स आवाज आला आणि पाचही बोटं पाइपच्या आत वर उभी राहिली. पारदर्शक असल्यामुळे सगळं दिसतं. रबर चकतीपर्यंत ताणलेलं, बोटं फुगून ताठलेली. ८० सेंमी पाण्याला जेमतेम सहा किलोचा जोर आहे. हेल्परचा मुलगा बघायला उभा होता, त्यानं न सांगता स्वतःचा गळा धरला.

मग निपलापाशी एनआरव्ही लावला आणि तेच पुन्हा. नळी उपटली, मोजा हलला नाही.

आमच्याकडे रोज पाण्यात उतरायच्या आधी एनआरव्ही तपासायचा नियम आहे. तपासणीच्या कागदावर ती एक टिकमार्क असते, आणि सकाळी घाईत ती टिकमार्क कशी पडते हे या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिलंय. पिंप प्रशिक्षणाच्या खोलीत नेता येणार नाही, मुलांनाच मागच्या अंगणात आणावं लागेल. ठरलं.

३ जुलै

एका संग्राहकाकडे खरं बारा बोल्टचं इंग्रजी हेल्मेट बघायला गेलो. सोबत आबा होते. आबा मूळचे मालवणकडचे, ऐंशीला टेकलेले, तरुणपणी बंदरातल्या कामांवर असलाच पोशाख घालून उतरलेले. संग्राहक हेल्मेटला हात लावू देत नाहीत, आबांना मात्र खुर्ची देऊन मांडीवर दिलं.

मापं घेतली. पोशाखाच्या रबरी गळपट्टीची भोकं छातीच्या पत्र्यावरच्या बारा स्टडवर चढवायची, वरून पितळी पट्ट्यांचे चार तुकडे, त्यावर बारा नट. टेंडरनं (डायव्हरच्या वरच्या मदतनिसानं) प्रत्येक नट पान्यानं आवळायचा. मग हेल्मेट, आठवा हिस्सा फेरा, मागचा खटका. समोरची काच सगळ्यांत शेवटी, कारण ती लावली की पंप चालू असायलाच हवा.

आबांनी डाव्या बाजूची छोटी तोटी दाखवली. काचेवर वाफ धरली की ती किंचित उघडायची, समुद्राचं पाणी तोंडात ओढायचं आणि काचेवर थुंकायचं. इंग्रजीत तिला थुंकीची तोटीच म्हणतात. आतून एक्झॉस्टचा दांडा डोक्यानं ढकलायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. आबांच्या उजव्या कानाच्या वर अजून घट्टा आहे, तो याचाच असं ते सांगतात. घरचे म्हणतात पडल्याचा आहे.

बंद पोशाखाचं दुसरं संकट त्यांनी स्वतः भोगलंय. हवा जास्त झाली, एक्झॉस्ट वेळेवर उघडला नाही, आणि पाय डोक्याच्या वर गेले. हवा पायांत शिरली की एक्झॉस्ट खाली राहतो आणि ती निघायला वाटच उरत नाही. पोशाख फुगून ताठ होतो, हात आत वळत नाहीत, माणूस बुचासारखा वर सुटतो. म्हणून पायांचे मागचे भाग दोऱ्यांनी आवळतात, म्हणून शिशाचे बूट. मार्क ५ चे बूट एकेक आठ किलोच्या आसपास, कमरेचा पट्टा अडतीस, हेल्मेट-छातीपत्रा पंचवीस. सगळा पोशाख मिळून पंच्याऐंशी किलोच्या वर. हा भार खोल जाण्यासाठी आहे असं लोकांना वाटतं. त्यातला मोठा हिस्सा नुसता अंगाभोवतीची हवा खाली दाबून ठेवायला लागतो.

हातपंपाबद्दल विचारलं तर म्हणाले, "झिला, पंपावरलो माणूस थकलो की खालच्याक पयलो कळता. काचेर धुका बसता नि डोक्या दुखाक लागता."

४ जुलै

आबांचं कालचं वाक्य म्हणजे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेनचा अहवालच. १९०५ मध्ये ब्रिटिश नौदलानं खोल डायव्हिंगसाठी समिती नेमली, त्यात तो होता. दाब हळूहळू कमी करत वर यायचे त्याचे १९०८ चे तक्ते सगळ्यांना माहीत असतात. हेल्मेटच्या बाबतीतलं त्याचं काम मागे पडलं. खोलवर माणसं धापा टाकतात, गळून जातात, हे तोवर दाबाच्या माथी मारलं जायचं. त्यानं हेल्मेटातल्या हवेचे नमुने घेतले, पंप तपासले, आणि दोष साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा निघाला. पंप गळत होते आणि हवा पृष्ठभागाच्या हिशेबानं दिली जात होती. खोलीवरच्या दाबाला मोजून मिनिटाला किमान दीड घनफूट, म्हणजे सुमारे ४२ लिटर हवा मिळाली पाहिजे, असं त्यानं ठरवलं. १९०६ मध्ये नौदलाचे डायव्हर डॅमंट आणि कॅटो स्कॉटलंडमध्ये २१० फुटांवर, म्हणजे ६४ मीटरवर गेले, तिथे दाब ७.४ पट. वरून मिनिटाला तीनशे लिटरच्या पुढे हवा, तीही माणसांच्या हातांनी. पंपावर जोड्या बदलत राहाव्या लागत.

१६ जुलै

मधले दिवस रोजच्या कामात गेले. आज १७ बी चं कवच कापलं.

फायबरग्लास कापताना धूळ उडते ती अंगात रुतते, दोन दिवस खाज जात नाही. म्हणून पाण्याची धार सोडून, डायमंड चकतीनं, तोंडाला मास्क, हातमोजे टेपनं मनगटाला चिकटवून. डाव्या बाजूनं एक चतुर्थांश भाग काढला: कपाळापासून मागे आणि खाली मानेच्या रिंगेपर्यंत. उजवी बाजू पूर्ण ठेवली, कारण साइड ब्लॉक, म्हणजे हवेच्या वाटा ज्यातून फुटतात तो पितळी ठोकळा, तिकडे आहे. कडा घासून रेझिन मारलं. उद्या लाल रंग.

तडा गेलेला भाग मुद्दाम कापला नाही. तो पिवळ्या मार्करनं गोल करून ठेवला. मुलांनी भिंग घेऊन बघावा. केसाएवढा आहे, रिंगेच्या बोल्टपासून सुरू होऊन वर तीन बोटं गेलाय. रंगाच्या थराखाली होता आणि धुताना हाताला लागला म्हणून सापडला.

एक काळजी घेतली. नमुन्यातला प्रत्येक सुटा भाग ड्रिलनं भोक पाडून बाद केला. असले भाग कपाटात पडले की दोन वर्षांनी कोणीतरी "चांगला दिसतोय" म्हणून खऱ्या हेल्मेटला लावतो. एका बोटीवर हे घडताना पाहिलंय, सुदैवानं टेबलावरच लक्षात आलं.

२४ जुलै

साइड ब्लॉक कुर्ल्याच्या काकांकडून मिलिंगवर उभा चिरून आणला. क्रोमखालचं पितळ लखलखीत निघालंय. आता आतल्या वाटा दिसतात. मागून अम्बिलिकलची (वरून येणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडग्याची) हवा एनआरव्हीतून येते. बाजूनं आणीबाणीचा व्हॉल्व्ह, पाठीवरच्या बेलआउट बाटलीसाठी. पुढे स्टेडी फ्लोचा नॉब, तो उघडला की हवा काचेवरून वाहते आणि वाफ जाते. आबांच्या थुंकीच्या तोटीचं काम आता हा नॉब करतो. उरलेली वाट वाकड्या नळीतून रेग्युलेटरकडे.

एनआरव्हीचा आतला पॉपेट (वाट बंद करणारं सरकतं बूच) आणि स्प्रिंग जागच्या जागी राहावेत म्हणून काकांनी चिरण्याआधी ब्लॉकमध्ये मेण ओतून थंड केलं होतं. मला सुचलं नसतं. एनआरव्ही बेलआउटच्या वाटेच्या आधी आहे हे चिरल्यावर एका नजरेत कळतं. अम्बिलिकल तुटली तर बाटलीतली हवा उलटी वर पळून जाऊ नये, यासाठी. म्हणजे एकाच पॉपेटवर दोन जबाबदाऱ्या आहेत.

१ ऑगस्ट

मानेकडे आलो.

मार्क ५ नं अमेरिकन नौदलात १९१६ पासून १९८० च्या दशकापर्यंत चाकरी केली. एवढं टिकलं कारण ते भरवशाचं होतं. पण तेल कंपन्या समुद्रात उतरल्या तेव्हा त्यांना झटपट घालता येणारं, पोहता येणारं काहीतरी हवं होतं. बदल नौदलातून आला नाही. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरात ॲबलोनी शिंपले काढणारे डायव्हर होते. त्यांच्यातलाच डॅन विल्सन १९६२ मध्ये हीलियम मिसळून ४०० फुटांवर जाऊन आला आणि तेलवाल्यांचे डोळे उघडले. तिथेच बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन एकत्र आले. कर्बी हेल्मेटं ठोकणारा, मॉर्गन सर्फिंगवाला, वेटसूटच्या धंद्यातला. तिकडे लुईझियानात जो सॅव्हॉय स्वतःची हलकी हेल्मेटं जोडत होता. नेक डॅमचं श्रेय त्याला देतात.

नेक डॅम म्हणजे निओप्रीनचा शंकूसारखा गळा. वरची कड रिंगेत अडकते, खालची थेट कातडीवर बसते. दिसायला क्षुल्लक. पण त्यानं सीबचा निर्णय उलटवला. सील पोशाखावरून उचलून मानेवर आणलं आणि हेल्मेट पोशाखापासून कायमचं सुटं झालं. पोशाखात पंपाची हवा जात नाही, त्यामुळे पाय वर होण्याची भीती गेली, आणि तिच्याबरोबर शिशाचे बूट, छातीचा पत्रा, बारा नट सगळंच गेलं. वेटसूट घाला, गरम पाण्याचा सूट घाला, हेल्मेट तेच. १९७० च्या दशकाच्या मध्यावर आलेलं सुपरलाइट १७ हे या विचाराचं पक्कं रूप. पाण्याबाहेर बारा किलोच्या आसपास, पाण्यात जवळजवळ शून्य. पुढे अमेरिकन नौदलानंच ते मार्क २१ म्हणून घेतलं.

चेंगरण्याचा धोका मात्र गेला नाही. तो आता पूर्णपणे मानेच्या रिंगेपुरता उरला. म्हणून पिंपाच्या प्रयोगाचा मजकूर मी नेक डॅमच्या शेजारी मांडणार आहे, सीबच्या शेजारी नाही.

आज जुना नेक डॅम चिरून बसवला. मानेला बसणारी कड प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे कातरून घ्यायची असते. नवी मुलं सैल कातरतात, गळा आवळतो म्हणून. सैल डॅममधून पाणी येतं आणि आवळलेल्यानं चक्कर येते, कारण गळ्याच्या शिरा दबतात. दोन्ही प्रकारचे डॅम मागवलेत, घालून बघायला.

९ ऑगस्ट

दिवसभर वीज नव्हती. नावांच्या पट्ट्या हातानं लिहिल्या.

१३ ऑगस्ट

रेग्युलेटरवर फार लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एक तक्ता हवाच. मार्क ५ मध्ये हवा सतत वाहते, लागो वा न लागो. अमेरिकन नौदल त्यासाठी मिनिटाला साडेचार घनफूट धरायचं, सुमारे १२७ लिटर. डिमांड हेल्मेटला, म्हणजे श्वास ओढला तरच हवा देणाऱ्याला, १.४ घनफूट, म्हणजे ४० लिटर. ५० मीटरवर, सहापट दाबाला, वरून द्यायची हवा अनुक्रमे साडेसातशेच्या वर आणि २४० लिटर. शिवाय सतत वाहणाऱ्या हवेचा आवाज. जुन्या डायव्हरांशी बोलताना मोठ्यानं का बोलावं लागतं, त्याचं एक उत्तर तिथे आहे. डिमांडमध्ये नाकातोंडावर आतला छोटा मास्क असतो. उच्छ्वास हेल्मेटभर पसरत नाही, सरळ बाहेर जातो. हॉल्डेनचा कार्बन डायऑक्साइड असा मुठीएवढ्या जागेत कोंडला.

दूषित पाण्यात मात्र अजूनही सतत हवा वाहणारी हेल्मेटं घालतात. आत थोडा दाब जास्त राहतो, त्यामुळे गळती झालीच तर बाहेरच्या दिशेनं होते.

२० ऑगस्ट

रिक्लेम, म्हणजे उच्छ्वासातला वायू परत वापरणारं हेल्मेट, नमुन्यात घ्यायचं की नाही यावर साहेबांशी वाद. त्यांचं म्हणणं, नवशिक्यांना हवेचं डायव्हिंग शिकवतोय, हीलियम कशाला. माझं म्हणणं, हीच मुलं पुढे मुंबई हायवर सॅचुरेशनला (दिवसेंदिवस दाबाखालीच राहून करायच्या खोल डायव्हिंगला) जाणार. तिथे ७५ मीटरवर ८.५ पट दाब. मिनिटाला ४० लिटर श्वास धरला तर पृष्ठभागाच्या हिशेबानं ३४० लिटर, सहा तासांत सव्वाशे घनमीटरच्या आसपास, एका माणसामागे. हीलियम आपण आयात करतो. तो बुडबुड्यांत सोडून द्यायला कोणाला परवडणार? म्हणून रिक्लेम हेल्मेटात उच्छ्वास दुसऱ्या नळीनं वर जातो, कार्बन डायऑक्साइड काढून, ऑक्सिजन घालून परत येतो.

आणि इथे जुनं संकट दुसऱ्या दारानं घरात येतं. परतीच्या नळीत दाब हेल्मेटपेक्षा कमी ठेवावा लागतो, नाहीतर वायू वर जाणार कसा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर हेल्मेट आतून ओढलं जातं. 'रॉयल जॉर्ज'च्या सैनिकाची नळी फुटली तेव्हा हवा आत यायच्या वाटेनं पळाली, इथे ती बाहेर जायच्या वाटेनं पळेल. मानेला फरक कळत नाही. म्हणून त्या वाटेवर एकामागे एक सुरक्षा असते.

साहेबांनी शेवटी अर्धा चौरस फूट जागा दिली. भाग नाहीत, फक्त रेखाचित्र.

२८ ऑगस्ट

मुलांच्या एका तुकडीवर चाचणी. आधी खोलीत नमुना, मग अंगणात पिंप. एकाला नळी उपटायला दिली. बोटं पाइपमध्ये उभी राहिल्यावर तिघं-चौघं एकदम मागे सरकले. मग एनआरव्ही लावून पुन्हा. त्यानंतर न सांगता दोघांनी खऱ्या हेल्मेटचा एनआरव्ही कुठे आहे ते विचारलं आणि चिरलेल्या ब्लॉकशी ताडून पाहिलं.

रत्नागिरीकडच्या एका मुलीनं चोरबाजारी हेल्मेट हातात घेऊन विचारलं, "हे घालून बादलीत डोकं घातलं तर?" तिला भरीव कोपरा दाखवला. म्हणाली, "म्हणजे आत हवा यायलाच वाट नाही!" साहेब मागे उभे होते. कोपरा कापलाय हे त्यांना तेव्हाच कळलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या बाजूचा टेलिफोनचा कोपरा शाबूत आहे ना, हे वाकून बघून घेतलं.

सगळ्यांत चांगला प्रश्न मात्र साधा होता: हंगामात तुमच्याकडे सगळ्यांत जास्त काय बिघडून येतं? मी एक्झॉस्टचा रबरी मशरूम व्हॉल्व्ह सांगितला. वाळूचा कण, केस, चिखलाचा थर, एवढ्यानं तो बसत नाही आणि पाणी आत झिरपतं. मुलांना तो बघायचा होता आणि टेबलावर तो नव्हता.

२ सप्टेंबर

नमुना दिला. पेटी प्लायवूडची, चाकांवर. पितळी हेल्मेट पॉलिश करून रिसेप्शनमध्ये परत, कोपऱ्याचा कापलेला तुकडा भिंतीच्या बाजूला वळवून. पिंप अंगणातच, झाकण लावून, डासांसाठी.

मशरूम व्हॉल्व्हसाठी पेटीत उथळ ट्रे जोडला: एक नवा, एक कड उलटलेला, एक वाळू रुतलेला, एक ताठ झालेला. या हंगामाच्या ओव्हरहॉलमध्ये निघालेले बाकीचे कचऱ्यात न टाकता माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकायचे, असं सगळ्यांना सांगितलंय. मुलं ते ताणून बघतात आणि फाडतात, भरपूर लागतील.